एकट्याने न सुटणारे व्यसन

पालकसभा पुण्यातील शाळेत भरलेली असो वा पंढरपुरातील, तिमाहीचे गुण, शिकवणीची फी आणि गणिताच्या बाईंचा कडकपणा हे नित्याचे विषय एकदा आटोपले, की बोलणे हमखास एका तक्रारीवर येऊन ठेपते, आणि ती तक्रार म्हणजे मुलाच्या हातातून मोबाइल सुटत नाही ही होय. जेवताना ताटाशेजारी तो, अभ्यासाला बसताना वहीखाली तो, आणि दिवा मालवल्यावर पांघरुणाच्या आत उजेड त्याचाच. आई म्हणते, बापाने लाडाने घेऊन दिला. बाप म्हणतो, आताच्या पोरांत निग्रह म्हणून उरला नाही. आणि आजोबा, ज्यांची स्वतःची सकाळ शुभेच्छांची आणि फुलांची चित्रे इकडून तिकडे धाडण्यात जाते, ते सगळा दोष त्या यंत्राच्या माथी मारून मोकळे होतात. या तिन्ही मतांत सत्याचा अंश आहे. परंतु तिन्हींत एक वैगुण्यही आहे, ते असे, की गुन्हेगाराचा शोध प्रत्येक जण स्वतःच्या घराच्या चार भिंतींच्या आतच घेत असतो. प्रस्तुत प्रकरणात तो शोध थोडा भिंतीबाहेर न्यायचा आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. समाजमाध्यमांचे व्यसन या नावाच्या रोगाची वैद्यकशास्त्राच्या दप्तरी अद्याप स्वतंत्र नोंद नाही. जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची जी अकरावी आंतरराष्ट्रीय सूची १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली, तीत जुगाराचे व्यसन आहे, व्हिडिओ गेमचे व्यसनही नव्याने दाखल झाले आहे. इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट किंवा यूट्यूब यांच्या अतिरेकाला मात्र तीत जागा मिळालेली नाही. तथापि मार्क ग्रिफिथ्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने सर्व व्यसनांना साधारण अशी जी लक्षणे सांगितली, त्यांच्या आधारे नॉर्वेतील बर्गेन येथील संशोधकांनी २०१२ साली फेसबुकच्या व्यसनासाठी सहा प्रश्नांची एक मोजपट्टी सिद्ध केली, आणि तीच आज थोड्याफार फरकाने सर्वत्र वापरली जाते. ती गोष्ट मनात सतत घोळत राहणे, पूर्वीइतकेच समाधान मिळण्यासाठी अधिकाधिक वेळ लागू लागणे, दुःखाचा विसर पडावा म्हणून तिचाच आश्रय घेणे, सोडण्याचा निश्चय पुनःपुन्हा मोडणे, काढून घेतली असता जीव कासावीस होणे आणि तिच्यापायी अभ्यास बिघडणे, या सहांपैकी चार गोष्टी ज्याच्या बाबतीत वर्षभर वारंवार घडत असतील, त्याच्याविषयी काळजी करण्यास जागा आहे. याचाच अर्थ असा, की संध्याकाळी तासभर रील पाहून हसणारा प्रत्येक मुलगा व्यसनी नव्हे. आणि तसे त्याला ऊठसूट म्हणत राहिल्याने, पुढे खरोखरच मदतीची गरज पडेल तेव्हा तो आपल्याकडे येण्याची शक्यता मात्र कमी होते. बेंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून एक स्वतंत्र चिकित्सालय चालविले आहे, यावरून मदतीची गरज किती काळापासून जाणवू लागली होती याची कल्पना यावी.

आता यंत्ररचनेकडे वळू. तिचा उगम शोधू जाता आपण एका अनपेक्षित स्थळी, म्हणजे कबुतरांच्या पिंजऱ्यापाशी जाऊन पोहोचतो. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने, आपला सहकारी चार्ल्स फर्स्टर याच्यासह, १९५७ मध्ये एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला; त्यात भिंतीवरील चकतीवर चोच मारणाऱ्या आणि मोबदल्यात दाणे मिळविणाऱ्या कबुतरांच्या वर्तनाचे आलेखच्या आलेख आहेत. ठराविक इतक्या चोचींनंतर दाणे मिळण्याचा शिरस्ता ठेवला, तर कबुतर दाणे खाऊन थोडे विसावते आणि मग पुन्हा कामाला लागते. परंतु दाणे कधी तिसऱ्या चोचीला, कधी चाळिसाव्या, असे अनिश्चित ठेवले, तर ते विसावा विसरून झपाट्याने चोची मारीत सुटते, आणि दाणे पूर्णपणे बंद केल्यावरही कितीतरी वेळ थांबत नाही. जुगाराच्या यंत्रांचा सारा व्यवहार याच तत्त्वावर चालतो, हे स्किनरलाही ठाऊक होते. त्याला ठाऊक नव्हते ते एवढेच, की अर्धशतकानंतर असे एक यंत्र प्रत्येक विद्यार्थ्याच्या दप्तरात असेल.

पडद्यावर अंगठा टेकवून तो खाली ओढला, की वरच्या कडेला एक लहानसे चक्र फिरू लागते, क्षणभर काहीच घडत नाही, आणि मग काहीतरी नवे उतरते: क्वचित ज्याची वाट पाहिली त्याच मैत्रिणीचा निरोप, बहुतेक वेळा कोणा परक्याच्या लग्नातील नाच. तो क्षणभराचा विलंब आणि ती अनिश्चितता यांतच सगळी मेख आहे. दुसरी युक्ती याहून साधी आणि म्हणूनच अधिक परिणामकारक. पूर्वी संकेतस्थळावरील एक पान संपले, की पुढील पानासाठी बटण दाबावे लागे, आणि त्या अर्ध्या सेकंदात, पुरे आता, असे म्हणण्यास मनाला सवड मिळे. २००६ मध्ये एझा रास्किन या तरुण रचनाकाराने ते बटणच काढून टाकले. मजकूर तळाशी येण्यापूर्वीच पुढचा मजकूर आपोआप जोडला जाऊ लागला आणि पान संपेनासे झाले. (हा रास्किन म्हणजे अ‍ॅपल कंपनीत मॅकिंटॉश संगणकाची योजना ज्याने प्रथम हाती घेतली त्या जेफ रास्किनचा पुत्र; पुढे आपल्या या शोधाविषयी त्याने जाहीरपणे खेद व्यक्त केला.) पुस्तकाला प्रकरणे असतात, वर्तमानपत्राला शेवटचे पान असते, नाटकाला पडदा असतो, मनोरंजनाच्या इतिहासात शेवट नसलेली वस्तू प्रथमच अवतरली, आणि ती नेमकी अशा वयाच्या हाती पडली, ज्याला थांबावे कुठे हे अजून शिकायचे असते.

२००९ च्या फेब्रुवारीत फेसबुकवर आवडल्याची खूण करणारे बटण आले आणि स्तुतीचा आकडा सर्वांदेखत मोजता येऊ लागला. हे सर्व योगायोगाने घडले असे समजण्याचे कारण नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात बी. जे. फॉग यांची एक प्रयोगशाळा होती, जिचा विषयच संगणकाच्या द्वारे माणसाच्या सवयी व मते कशी वळवावीत हा होता, आणि इन्स्टाग्रामच्या दोन संस्थापकांपैकी माइक क्रीगर हा त्या फॉगचाच विद्यार्थी. फेसबुकचा पहिला अध्यक्ष शॉन पार्कर याने तर नोव्हेंबर २०१७ मध्ये एका जाहीर कार्यक्रमात सरळच कबुली दिली, की लोकांचा शक्य तितका वेळ आणि अवधान कसे खाता येईल हाच आमच्यापुढील प्रश्न होता, मनुष्यस्वभावातील एका दुबळेपणाचा आम्ही फायदा घेत आहोत हे आम्हांस कळत होते, आणि कळत असूनही आम्ही ते केले. कारण उघड आहे. फेसबुक आणि इन्स्टाग्राम यांची मालक जी मेटा कंपनी, तिच्या उत्पन्नातील ९५ टक्क्यांहून अधिक भाग जाहिरातींचा असतो. बहुतेक वापरणाऱ्यांकडून ती एक पैसाही घेत नाही, वेळ घेते, आणि तो वेळ जाहिरातदारांस विकते. ज्या व्यवहारात वेळ हाच माल, त्यात गिऱ्हाइकाला लवकर घरी पाठविणारा दुकानदार कसा टिकावा?

या ठिकाणी डोपामिन या द्रव्याचा उल्लेख करणे भाग आहे, आणि तो करताना थोडी सावधगिरीही बाळगणे भाग आहे. कारण पूर्वी जसे प्रत्येक दुखण्याचे खापर पित्तावर फुटे, तसे हल्ली ते डोपामिनवर फुटते. हे सुखाचे द्रव्य आहे, ही समजूत बरीचशी चुकीची आहे. वोल्फ्राम शुल्ट्स या शास्त्रज्ञाने माकडांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की फळाचा रस अनपेक्षितपणे तोंडात पडला म्हणजे डोपामिनच्या पेशी उद्दीपित होतात. परंतु रसापूर्वी दिवा लागतो हे माकडाच्या ध्यानात आले, की त्या पेशी दिवा लागताच उद्दीपित होतात, प्रत्यक्ष रसाला फारसा प्रतिसाद देत नाहीत, आणि दिवा लागूनही रस आला नाही तर त्यांची क्रिया नेहमीपेक्षाही मंदावते. म्हणजे हे द्रव्य बोलते ते अपेक्षेविषयी. मिशिगन विद्यापीठाचे केंट बेरिज यांनी पुढे जाऊन दाखविले, की एखादी गोष्ट हवीशी वाटणे आणि ती मिळाल्यावर सुख होणे यांची मेंदूतील यंत्रणा एक नव्हे. डोपामिन नष्ट केलेले उंदीर साखर जिभेवर ठेवली तर आवडल्याची मुद्रा करीत, पण समोरच्या साखरेपर्यंत चार पावले जाण्याची इच्छा त्यांना होत नसे. उलट प्रकारही घडतो: सुख आटलेले असते आणि ओढ मात्र कायम राहते. रात्री एक वाजता फोन चाळीत बसलेल्या मुलास, काय पाहतोस, असे विचारले असता तो, काही नाही, असे म्हणतो, तेव्हा तो बहुधा खोटे बोलत नसतो.

आता त्या मुलाच्या वयाकडे. तारुण्यात पदार्पण करताना मेंदूचे सगळे भाग एकाच वेळी पक्व होत नाहीत. बक्षिसाला, उत्तेजनाला आणि प्रतिष्ठेला प्रतिसाद देणारी केंद्रे वयात येतानाच कमालीची तीव्र होतात, आणि कपाळामागचा जो भाग संयमाचे व दूरदृष्टीचे काम पाहतो, त्याची घडण विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. परंतु केवळ एवढ्यावरून किशोरवयीन मुले अविचारी असतात असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. २००५ मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी मोटार चालविण्याचा एक संगणकीय खेळ तीन वयोगटांतील व्यक्तींना खेळायला दिला. एकटे असताना तेरा ते सोळा वयाची मुले प्रौढांहून फार वेगळी वागली नाहीत. मित्र शेजारी उभे राहिले मात्र, आणि त्यांचे धाडस एकदम वाढले. प्रौढांवर मित्रांच्या उपस्थितीचा तितका परिणाम झाला नाही. २०१६ मध्ये लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात लॉरेन शर्मन आणि सहकाऱ्यांनी तेरा ते अठरा वयाच्या ३२ मुलामुलींना मेंदूची चित्रे घेणाऱ्या यंत्रात निजवून, इन्स्टाग्रामसारख्या दिसणाऱ्या पडद्यावर छायाचित्रे दाखविली, ज्यांतील काही त्यांची स्वतःची होती. प्रत्येकाखालील पसंतीचे आकडे वस्तुतः संशोधकांनीच ठरविले होते. आपल्या छायाचित्राला पुष्कळ पसंती मिळालेली दिसली, की मेंदूतील बक्षिसाचे केंद्र ठळकपणे जागे होई. आणि तेच इतरांचे छायाचित्र जास्त पसंतीचे म्हणून दाखविले, की मुलेही ते अधिक आवडल्याचे नोंदवीत. तात्पर्य, या वयाची भूक फोनची नसतेच. समवयस्कांच्या नजरेची असते. पूर्वी ती शाळेच्या व्हरांड्यात, नाक्यावर, गणेशोत्सवाच्या मांडवात आणि स्नेहसंमेलनाच्या रंगमंचावर भागत असे, व संध्याकाळी घरी आल्यावर तिला सक्तीचा उपवास घडे. आता तो उपवास संपला.

ही गोष्ट जवळून पाहायची असेल, तर स्नॅपचॅटवरील स्ट्रीक पाहावी. दोघांनी लागोपाठ तीन दिवस एकमेकांना चित्र पाठविले, की नावापुढे ज्वाळेची लहान खूण आणि दिवसांचा आकडा उमटतो. एक दिवस चुकला की आकडा पुसला जातो, आणि मुदत संपत आली की वाळूच्या घड्याळाचे चिन्ह दाखवून यंत्र आपला तगादा सुरू करते. या चित्रांत काय असते, असे पाहू गेल्यास निराशाच पदरी येईल: छताचा पंखा, अर्धा चेहरा, बसची खिडकी, कधी नुसता काळोख. मजकुराला महत्त्व नाही, हजेरीला आहे. दहावीच्या परीक्षेसाठी स्वखुशीने फोन कपाटात बंद करणारी शहाणी मुलगीसुद्धा तत्पूर्वी आपला पासवर्ड मामेबहिणीच्या स्वाधीन करून जाते, की तिने आपल्या वतीने रोज हजेरी लावावी आणि स्ट्रीक तुटू देऊ नये. वकिलाला मुखत्यारपत्र द्यावे तसा हा कारभार चालतो. तिला फोनची आसक्ती आहे असे म्हणावे, तर तो तिने आपण होऊन दूर ठेवला आहे. तिला भीती आहे ती तीनशे दिवस जपलेल्या एका मैत्रीचा आकडा आपल्यामुळे शून्यावर आला, हा आरोप येण्याची.

मुलींच्या बाबतीत आणखी एक पीडा आहे, ती तुलनेची. सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतील वॉल स्ट्रीट जर्नल या वृत्तपत्राने फेसबुकची अंतर्गत कागदपत्रे प्रसिद्ध केली. ती बाहेर आणणाऱ्या फ्रान्सिस हॉगन या माजी कर्मचारी बाईंनी पुढच्याच महिन्यात तेथील सिनेटसमोर साक्षही दिली. त्या कागदपत्रांत कंपनीच्याच संशोधकांचा असा निष्कर्ष होता, की दर तीन किशोरवयीन मुलींमागे एकीच्या मनात स्वतःच्या शरीराविषयी असलेले असमाधान इन्स्टाग्राममुळे वाढते. कंपनीने खुलासा केला, की हा आकडा सरसकट सर्व मुलींचा नसून ज्यांना असे असमाधान आधीच होते त्यांचा आहे, आणि इतर बहुतेक बाबतींत मुलींनी आपल्याला उपयोगच झाला असे सांगितले आहे. खुलासा ग्राह्य धरला तरी एक गोष्ट शिल्लक राहते, ती अशी, की जखम कोणाला आहे हे माहीत असूनही मीठ तिथेच पडत होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेतील चाळिसांहून अधिक राज्यांनी मेटाविरुद्ध फिर्यादी दाखल केल्या, त्यांचे मूळ बरेचसे या कागदपत्रांत आहे.

तरीही विद्वानांत एकवाक्यता आहे असे कोणी समजू नये. जोनाथन हाइट यांच्या २०२४ मधील ग्रंथाने किशोरांच्या नैराश्याचे पाप मुख्यतः स्मार्टफोनच्या पदरात घातले. कॅन्डिस ऑजर्स या संशोधिकेने लगेच आक्षेप घेतला, की दोन गोष्टी एकाच काळात वाढल्या म्हणून एकीने दुसरी घडविली हे सिद्ध होत नाही, आणि आधीच खिन्न असलेली मुलेच पडद्याकडे अधिक वळत असतील. एमी ऑर्बेन व अँड्र्यू शिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक किशोरांच्या माहितीची छाननी करून काढलेला निष्कर्ष तर असा, की मुलामुलींच्या सुखदुःखात जो फरक आढळतो, त्यापैकी फार तर ०.४ टक्के फरकाचा संबंध डिजिटल साधनांच्या वापराशी लावता येतो. प्रस्तुत लेखकाला वाटते, की सरासरीचा हा आकडा खरा असूनही दिशाभूल करणारा आहे. हजार मुलांपैकी नऊशेंना काहीच झाले नाही आणि थोड्यांना मोठी इजा झाली, तरी सरासरी लहानच येते. शिवाय एका हानीविषयी फारसा वाद राहिलेला नाही, आणि ती म्हणजे झोप. या वयात शरीराचे घड्याळ निसर्गतःच दीड-दोन तास पुढे सरकते, झोप उशिरा येते, गरज मात्र आठ ते दहा तासांची असते आणि शाळेची घंटा सकाळी सातची. उरलेल्या तुटपुंज्या रात्रीतही उशाशी ठेवलेला फोन आपला वाटा मागतो.

आपल्याकडे हे सारे फार थोड्या वर्षांत घडून आले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने आपली सेवा सुरू केली आणि इंटरनेटचा दर कोसळला. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू करून मोकळी झालेली जागा भरून काढली. त्याच सुमारास टाळेबंदी होती. शाळा बंद, वर्ग फोनवर. ज्या घरांत मुलाच्या हाती फोन द्यायचा नाही असा निश्चय होता, त्या घरांनीही कर्ज काढून फोन घेतला, कारण त्याशिवाय हजेरी लागत नव्हती. शाळा उघडल्या, फोन परत कोणी मागितला नाही. ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयाच्या मुलांविषयी असर या पाहणीच्या २०२४ च्या अहवालात म्हटले आहे, की आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी स्मार्टफोन वापरला असे सांगणारी मुले ५७ टक्के होती, समाजमाध्यमांसाठी वापरला असे सांगणारी ७६ टक्के.

या पार्श्वभूमीवर सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने जे केले, ते विचार करण्याजोगे आहे. कडेगाव तालुक्यातील हे तीन हजारांच्या आसपास वस्तीचे, ऊस पिकविणारे गाव. टाळेबंदीनंतर शाळा भरू लागल्या तेव्हा शिक्षकांच्या ध्यानात आले, की मुले वर्गात बसतात पण लक्ष तिथे नसते, आणि शाळा सुटली की पुन्हा फोन घेऊन बसतात. घराघरांतून रागावणे, हिसकावून घेणे, लपवून ठेवणे हे सर्व प्रकार होऊन चुकले होते. सरपंच विजय मोहिते यांनी गावभर मिळून ठराविक वेळ फोन बंद ठेवण्याची कल्पना मांडली तेव्हा पुरुषमंडळींनी ती हसण्यावारी नेली. मग विषय महिलांच्या सभेपुढे गेला, आणि तिथे दूरचित्रवाणीवरील मालिकांपायी आपलाही वेळ असाच जातो हे बायकांनी मोकळेपणाने मान्य केले. १५ ऑगस्ट २०२२ पासून अंमल सुरू झाला. रोज संध्याकाळी सात वाजता गावातील देवळावर बसविलेला भोंगा वाजतो, घरोघरचे फोन आणि दूरचित्रवाणी संच बंद होतात, आणि साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यास करावा, वाचावे, मोठ्यांनी एकमेकांशी बोलावे, अशी व्यवस्था आहे. आरंभी आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक दारोदार फिरून लोकांची समजूत घालीत. दीड तास म्हणजे फार नव्हे. मुलांच्या दिवसाचा बराच भाग त्याबाहेर उरतो. पण त्या दीड तासात कोणाचीही स्टोरी येत नाही, कोणाच्या निरोपाला उत्तर द्यायचे राहत नाही, आणि आपण नसताना तिकडे काय चालले असेल ही टोचणी उरत नाही, कारण तिकडेही कोणी नसते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातील बांसी या गावाच्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी करणारा ठराव केला आणि मोडणाऱ्यास २०० रुपये दंड ठेवला. दोन्ही गावांचा हेतू एकच, पण वडगावचा मार्ग मला अधिक सूज्ञपणाचा वाटतो. बांसीत हुकूम लहानांवर आहे. वडगावात भोंगा वाजला की फोन बापालाही ठेवावा लागतो, आणि जो नियम बापाला लागू आहे त्याच्याविरुद्ध मुलाची कैफियत फारशी टिकत नाही.

वडगावच्या बायकांना जे अनुभवाने कळले, ते शिकागो विद्यापीठातील लिओनार्दो बुर्श्टिन आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये आकड्यांत मांडून दाखविले. महाविद्यालयातील हजाराहून अधिक विद्यार्थ्यांना त्यांनी प्रथम विचारले, की चार आठवडे टिकटॉक बंद ठेवण्याचे तू किती पैसे घेशील? सरासरी उत्तर आले ५९ डॉलर, इन्स्टाग्रामसाठी ४७. म्हणजे या वस्तू त्यांना हव्याशा आहेत, असे कोणताही व्यापारी म्हणेल. मग प्रश्न बदलला: तुझ्याबरोबर महाविद्यालयातील सर्वांचेच खाते बंद होणार असेल, तर? आता तेच विद्यार्थी पैसे मागण्याऐवजी पदरचे द्यायला तयार झाले, टिकटॉकसाठी सरासरी २८ डॉलर आणि इन्स्टाग्रामसाठी १०. ज्या वस्तूचा आपण रोज तासन् तास उपभोग घेतो, ती जगात नसती तर बरे झाले असते असे तिचाच उपभोग घेणाऱ्यांना वाटावे, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात सहसा आढळत नाही. एकटा बाहेर पडला तर तो वगळला जातो. म्हणून प्रत्येक जण आत थांबतो. आणि प्रत्येक जण आत थांबतो म्हणूनच बाहेर पडणारा एकटा पडतो. या चक्रात निग्रहाला जागा फार थोडी आहे. नववीतल्या मुलाने फोन ठेवला, तर दुसऱ्या दिवशी वर्गात सगळे ज्या विनोदावर हसतात तो त्याला कळत नाही, सहलीच्या गाडीत कोण कोणाशेजारी बसणार हे रात्रीच ठरून गेलेले असते, आणि हा दंड तो भरतो आहे हे त्याच्या आईबापांच्या गावीही नसते.

कायद्यांनी या बाजूने विचार फार थोडा केला आहे. समाजमाध्यमांवर खाते काढण्यास तेरा वर्षांची जी अट बहुतेक ठिकाणी दिसते, ती मुलांच्या मानसिक वाढीचा अभ्यास करून घातलेली नव्हे; तेरा वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीवाचून गोळा करू नये, असे सांगणाऱ्या १९९८ मधील एका अमेरिकन कायद्याचे ते उपफळ आहे. आपल्याकडील २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा बालक म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्ती असे मानतो, पालकांची पडताळलेली संमती आवश्यक ठरवितो, आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास व त्यांना हेरून जाहिराती दाखविण्यास मनाई करतो. पण संमती मागतो ती एकेका पालकाकडून सुटी सुटी, त्यामुळे शेजारच्या घरी मिळालेल्या संमतीचा दाब पुन्हा आपल्याच घरावर येतो. ऑस्ट्रेलियाने मात्र नोव्हेंबर २०२४ मध्ये केलेल्या आणि १० डिसेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कायद्याने सोळा वर्षांखालील सर्वांनाच एकदम वगळले, पालकांच्या संमतीची वाटही बंद केली, आणि कसूर झाल्यास ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतचा दंड मुलांना वा पालकांना न ठेवता कंपन्यांना ठेवला. पळवाटा मुले शोधतीलच. परंतु ज्या पालकाला, सगळ्यांकडे आहे, या वाक्यापुढे आजवर उत्तर नव्हते, त्याला या कायद्याने एक उत्तर दिले आहे.

शहरात भोंगा चालणार नाही, हे उघड आहे. कोथरूडमधील मुलीच्या मैत्रिणी तिच्या वाड्यात वा गल्लीत राहत नाहीत; कोणी बाणेरला, कोणी शिकवणीतली, कोणी सुट्टीत भेटलेली नाशिकची, आणि तिचे गाव असे कोणत्याही नकाशावर दाखविता येत नाही. त्यातल्या त्यात गावाची जागा घेऊ शकेल असा समुदाय एकच, तो म्हणजे शाळेतील वर्ग. एका तुकडीतील चाळीस पालकांपैकी पंचवीस-तीस जणांनी जरी पालकसभेत परस्परांसमोर ठरविले, की रात्री नऊनंतर आमच्या घरी फोन मुलाच्या खोलीबाहेर राहील, तर त्या घरांतील मुलाला वगळले जाण्याची भीती बरीच कमी होते, आणि रोज रात्रीचे भांडण एकेकट्या आईला लढावे लागत नाही. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात फक्त चालकालाच संदेश टाकता येईल अशी सोय आहे; वर्गशिक्षकांनी ती नवाला लावावी आणि सकाळी काढावी. मुलांनी स्वतःचा वेगळा गट काढलेला असतो, ज्यात बाई नसतात, आणि तो चालूच राहील हे मला ठाऊक आहे. पण त्या गटाची बोलणी मुलांशी करायची, तर आधी पालकांचा जो एक स्वतंत्र गट रात्री साडेअकराला प्रश्नपत्रिकांची छायाचित्रे एकमेकांना पाठवीत असतो, तो नवाला बंद व्हावा लागेल.